अंकोरचं पाणी कुठं मुरलं?

अंकोर थॉमच्या विजयद्वारातून पूर्वेकडे निघालेला रस्ता ता केओच्या देवळाशी पोचायच्या आत एका जुन्या दगडी पुलापाशी येतो. स्पिअन थमा त्याचं नाव. अरुंद कमानी अजून उभ्या आहेत, पण त्यांच्याखालून नदी वाहत नाही. सिएम रीप नदी पुलाला बगल देऊन शेजारून जाते आणि तीही कितीतरी खोल गेलेल्या पात्रातून. खांबांकडे नीट पाहिलं की दगडांवर कोरीव कामाचे तुकडे दिसतात, कुठं आडवे, कुठं उलटे. कुठल्यातरी मोडक्या देवळाचे दगड उचलून आणून हा पूल बांधला गेला होता.

अंकोर वटच्या पाच कळसांचे फोटो काढून परतणारे पर्यटक इथं क्वचितच थांबतात. पण ख्मेर साम्राज्याचं नेमकं काय झालं हे विचारायचंच असेल, तर कळसांपेक्षा या पुलाला विचारलेलं बरं. देवळाचे दगड पुलाला लावायची वेळ का आली? नदी पूल सोडून का गेली? आणि जी नदी ख्मेर लोकांनीच उत्तरेकडून वळवून शहरात आणली होती, ती त्यांच्या हाताबाहेर कशी गेली?

पाठ्यपुस्तकांतली गोष्ट इसवी सन ८०२ मध्ये सुरू होते. त्या वर्षी जयवर्मन दुसरा या राजानं कुलेनच्या डोंगरावर, म्हणजे तेव्हाच्या महेंद्रपर्वतावर, हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाकडून एक विधी करवून घेतला आणि यापुढे आपण कुणाचे मांडलिक नाही, असं जाहीर केलं. ही हकीकत आपल्याला कळते ती अडीचशे वर्षांनंतरच्या, १०५२ च्या सुमारास कोरलेल्या स्दोक काक थोमच्या शिलालेखातून. तो कोरवून घेतला त्या विधीच्या पौरोहित्याचा पिढीजात मान सांगणाऱ्या घराण्यानं. तेव्हा त्यातल्या तपशिलांकडे वतनाच्या कागदाकडे पाहतात तसंच जरा जपून पाहायला हवं.

मुळं अर्थातच त्याहून जुनी आहेत. मेकाँगच्या मुखाजवळ, आजच्या दक्षिण व्हिएतनाममधल्या ओक एओ इथं रोमन सम्राट अँटोनायनस पायसच्या नावाचं सोन्याचं पदक सापडलं आहे. चीन आणि हिंदुस्थान यांच्यामधल्या सागरी व्यापाराचा एक थांबा तिथं होता. सातव्या शतकात ईशानवर्मननं ईशानपूर वसवलं. या राजांचे शिलालेख संस्कृतात आणि जुन्या ख्मेरमध्ये आहेत, आणि काळ मोजला आहे तो शकात. मराठी पंचांगाच्या पहिल्या पानावर असतो तोच हा शक. मेकाँगकाठच्या सांबोर इथल्या एका शिळेवर शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३ असं साल कोरलेलं आहे आणि त्यातलं शून्य म्हणजे एक ठळक ठिपका. लिहून ठेवलेल्या शून्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या कालनिश्चित पुराव्यांपैकी हा एक. विसाव्या शतकात ख्मेर रूज राजवटीच्या धामधुमीत ही शिळा बेपत्ता झाली होती, ती २०१३ मध्ये पुन्हा सापडली.

हे सगळं पाहून आपल्याकडे काही जणांची छाती उगाच फुगते. कंबोडियावर कुठल्याही भारतीय राजानं फौज नेली नव्हती. व्यापारी गेले, ब्राह्मण गेले, पोथ्या गेल्या, आणि ख्मेर लोकांनी त्यातून स्वतःला हवं ते निवडून घेतलं. शिव घेतला, विष्णू घेतला, लिपी घेतली, महाभारत घेतलं. भारतातल्यासारखी जातीची उतरंड मात्र तिथल्या गावात कधी रुजली नाही. आणि घेतलेल्या गोष्टींचं त्यांनी जे केलं, ते त्यांचं स्वतःचं होतं. पाण्याच्या बाबतीत तर पूर्णच.

कुलेनचा डोंगर उत्तरेला, तोन्ले साप हे अजस्र सरोवर दक्षिणेला आणि मधे जेमतेम जाणवेल असा उतार असलेलं मैदान, ही अंकोरची जागा. वर्षातले सहा महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस, उरलेले सहा महिने कोरडे. तोन्ले सापची तऱ्हा तर आणखी वेगळी. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी नदी उलटी फिरते आणि सरोवर भरू लागतं. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असलेलं हे पाणी पावसाळ्याअखेर त्याच्या पाच-सहा पट पसरतं. बुडालेल्या जंगलात मासळीची पैदास होते. भात आणि मासळी या दोन गोष्टींवर ख्मेर राज्य उभं राहिलं.

नवव्या शतकाच्या अखेरीस इंद्रवर्मन पहिला यानं राज्यावर येताच आधी पाण्याचं काम काढलं. ३.८ किलोमीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असा इंद्रतटाक हा त्याचा जलाशय. ख्मेर भाषेत अशा जलाशयाला ‘बाराय’ म्हणतात, आणि खरी हुशारी आहे ती त्याच्या रचनेत. बाराय म्हणजे खोदलेलं तळं नव्हे. सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे प्रचंड बांध घालायचे, वरच्या अंगाला पाट काढून नदीचं पाणी आत घ्यायचं. पाणी भोवतालच्या जमिनीपेक्षा उंचावर राहतं, म्हणून ते उपसावं लागत नाही. बांधातून वाट दिली की उताराच्या बाजूच्या खाचरांत आपोआप उतरतं. इंद्रवर्मनचा मुलगा यशोवर्मन यानं राजधानी अंकोरला आणली आणि साडेसात किलोमीटर लांबीचा पूर्व बाराय बांधला. अकराव्या शतकात पश्चिम बाराय झाला. जवळपास आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटरहून अधिक रुंद, पाच कोटी घनमीटरच्या आसपास पाणी मावेल असा. तो आजही भरतो. त्याच्या मधोमध बेटावर देऊळ होतं आणि त्यात शेषशायी विष्णूची काशाची विशाल मूर्ती होती. तिचे अवशेष १९३६ मध्ये मिळाले.

एवढं पाणी नेमकं कशासाठी साठवत होते, यावर अभ्यासकांत बरीच वर्षं जुंपली होती. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी अंकोरला ‘जलनगरी’ म्हटलं आणि सगळं साम्राज्य सिंचनाच्या भातावर उभं होतं अशी मांडणी केली. विरोधकांचं म्हणणं, बाराय म्हणजे मेरूपर्वताभोवतीच्या समुद्राचं प्रतीक, पाटबंधारे खात्याचं काम नव्हे. आता मोजणीनंतर असं दिसतं की पाणी आत घ्यायची आणि बाहेर सोडायची पक्की व्यवस्था तिथं होती. पण देव आणि शेत यांची फारकत करायची गरज तरी काय? कुलेनच्या उतारावर क्बाल स्पिअन इथं अकराव्या शतकात नदीच्या तळाच्या खडकातच शेकडो शिवलिंगं आणि शेषशायी विष्णू कोरले गेले, म्हणजे त्यांच्यावरून आलेलं पाणी पावन होऊन खाली मैदानात यावं. तेच पाणी पुढं भाताला मिळत होतं.

या यंत्रणेला पहिला दणका फार लवकर बसला होता, हे मात्र अलीकडेच कळलं. ९२८ ते ९४४ या काळात राजधानी अंकोरहून ईशान्येला कोह केर इथं गेली होती. जयवर्मन चौथा यानं तिथं नदी अडवायला सुमारे सात किलोमीटर लांबीचा बांध घातला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याचा सांडवा पुरेसा नव्हता आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच बांध फुटला. थोड्याच वर्षांत दरबार मुकाट्यानं अंकोरला परतला.

अंकोरमध्ये मात्र पुढची तीनशे वर्षं पाण्यानं साथ दिली, आणि त्या जोरावर काय उभं राहिलं ते जगासमोर आहे. ९६७ मध्ये यज्ञवराह या राजगुरूनं बांतेय स्रेई बांधलं. राजानं न बांधलेलं हे छोटंसं गुलाबी दगडाचं देऊळ नक्षीत मोठमोठ्या राजमंदिरांना मागं टाकतं. १११३ मध्ये गादीवर आलेल्या सूर्यवर्मन दुसऱ्यानं विष्णूसाठी अंकोर वट उभारलं. मधला कळस ६५ मीटर उंच, भोवतीचा खंदक जवळपास १९० मीटर रुंद. पाया आणि आतली भरणी कोकणातल्या घरांना असतो तशा जांभ्याची, वरचं आवरण वालुकाश्माचं. तो वालुकाश्म कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून कालव्यांनी आणला गेला असावा, असं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. म्हणजे देवळाचे दगडही पाण्यावरूनच आले.

अंकोर वटच्या दक्षिण सज्जात सूर्यवर्मनची फौज कोरली आहे. शिस्तीत चाललेल्या ख्मेर तुकड्यांमधे एक तुकडी वेगळीच दिसते. केस विस्कटलेले, झालरी लोंबताहेत, पावलं जुळत नाहीत, गप्पा चालल्यासारखी तोंडं फिरलेली. तिथल्या लेखानुसार हे ‘स्याम’. ख्मेर राजाच्या पगारावरचे हे शिपाई. तीनशे वर्षांनी सयामी लोकांचंच सैन्य अंकोरमध्ये शिरणार होतं. शिल्पकाराला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

त्याआधी ११७७ मध्ये शेजारच्या चंपा राज्याच्या राजानं अंकोरवर चाल केली. त्या पडझडीतून वर आला जयवर्मन सातवा. ११८१ मध्ये राज्यावर बसला तेव्हा तो साठीच्या घरात होता, महायान बौद्ध होता, आणि वय थोडं उरलंय अशा घाईनं त्यानं बांधकामं काढली. अंकोर थॉमची तटबंदी, बायोनच्या देवळावरचे चेहरे, ता प्रोम, प्रेअ खान, रस्त्यांवरच्या १२१ धर्मशाळा, १०२ रुग्णालयं. रुग्णालयांच्या शिलालेखांत कर्मचाऱ्यांची आणि मध, तीळ, मिरी, कापूर अशा सामानाची यादीच दिलेली आहे. त्याच्या दोन राण्या सख्ख्या बहिणी. धाकटी जयराजदेवी वारल्यावर थोरली इंद्रादेवी पट्टराणी झाली. ती विदुषी होती आणि बहिणीच्या आठवणीत तिनं रचलेला संस्कृत शिलालेख आजही वाचता येतो.

बायोनच्या बाहेरच्या भिंतीवर मात्र राजाराण्यांपेक्षा रयतच जास्त आहे. तराजू धरलेली बाजारातली बाई, कोंबड्यांच्या झुंजीवर पैजा लावणारी गर्दी, बाळंत होणारी स्त्री, एकीच्या डोक्यातल्या उवा काढणारी दुसरी, उकळत्या हंड्यात डुक्कर सोडणारे आचारी. एका ठिकाणी ओळीनं चाललेल्या माणसांपैकी एकाच्या ढुंगणाला मागच्याच्या हातातलं कासव कडकडून चावलंय आणि तो वळून बघतोय. राजमंदिराच्या भिंतीवर असा विनोद कोरायची मुभा होती, हे या दरबाराबद्दल बरंच काही सांगून जातं.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ता प्रोमच्या ११८६ च्या शिलालेखाप्रमाणे त्या एका देवळाच्या दिमतीला ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं लावलेली होती. अंकोरच्या राजांनी स्वतःचं नाणं पाडलं नाही. देणीघेणी तांदूळ, कापड, तोलून दिलेली चांदी यांत होत. म्हणजे देऊळ हेच कोठार, तीच पेढी आणि तेच कचेरीचं ठिकाण. भात वेळेवर आलं तर हे गाडं चालणार.

ते कसं चालत होतं याची एकमेव डोळ्यांदेखतची साक्ष परक्या माणसाची आहे. चीनच्या युआन दरबाराच्या शिष्टमंडळातला झोउ दागुआन ऑगस्ट १२९६ मध्ये अंकोरला पोचला आणि जवळपास वर्षभर राहिला. त्यानं लिहून ठेवलं की वर्षात भाताची तीन-चार पिकं निघतात. की व्यापार सगळा बायकांच्या हातात आहे, दुकानं नसतात, जमिनीवर चटई पसरून सकाळपासून दुपारपर्यंत बाजार भरतो. चिनी खलाशांना इथला तांदूळ, इथली घरं आणि इथल्या बायका इतक्या सोयीच्या वाटतात की ते बोटीवरून पळून इथंच राहतात, हेही तो सांगतो. सयामी लोकांशी झालेल्या लढायांत मुलूख उजाड झाल्याची नोंदही त्यानंच केली.

त्यानं पाहिलेलं शहर केवढं होतं, हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. दगडाचं घर फक्त देवाला; राजासकट सगळे लाकडाच्या घरात, आणि लाकूड राहिलं नाही. २०१२ मध्ये डेमियन इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरला लायडार यंत्र बांधून ३७० चौरस किलोमीटरवर लेसरचा मारा केला. झाडांच्या पानांतून जमिनीपर्यंत पोचलेले किरण वेगळे काढल्यावर जंगलाखाली काटकोनात आखलेले रस्ते, घरांचे चौथरे आणि त्यांच्या बाजूची लहानलहान तळी उमटली. अंकोर वटच्या आवारातसुद्धा वस्ती होती. २०१५ मध्ये याहून मोठ्या क्षेत्राची मोजणी झाली. २०२१ च्या एका अंदाजानुसार तेराव्या शतकात या विस्तीर्ण नगरात सात ते नऊ लाख माणसं राहत होती.

मग ती गेली कुठं?

जुन्या पुस्तकांत याचं उत्तर एका ओळीत मिळे. १४३१ मध्ये अयुथ्थयाच्या सयामी राजानं अंकोर लुटलं आणि जंगलानं ते गिळलं. कुणी जयवर्मन सातव्याच्या बांधकामांना दोष देई, कुणी थेरवाद बौद्ध मतानं लोकांना देवराजापासून, म्हणजे देवासमान मानलेल्या राजापासून, तोडलं म्हणे. यातल्या प्रत्येकात थोडंफार तथ्य आहे, पण धर्म बदलला म्हणून साम्राज्य बुडालं हे पटण्यासारखं नाही. धर्मावरून कटुता आली होती हे खरं. तेराव्या शतकात देवळांतल्या बुद्धमूर्ती पद्धतशीर फोडल्या गेल्या, बायोनमधली मुख्य मूर्ती तुकडे करून विहिरीत टाकली गेली आणि थेट १९३३ मध्ये बाहेर निघाली. तरी त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं अंकोर राजधानी होतीच.

नवा पुरावा आला तो व्हिएतनामच्या डोंगरातल्या झाडांकडून. ब्रेंडन बकली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शेकडो वर्षं जुन्या सुरूच्या जातीच्या वृक्षांची वार्षिक वलयं मोजली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडला. चौदाव्या शतकाच्या मध्यावर दशकानुदशकं चाललेला दुष्काळ पडला, पंधराव्याच्या सुरुवातीला आणखी एक, आणि या दोन्हींच्या मधे काही पावसाळे असे की आधीच्या कित्येक शतकांत झाले नव्हते. नुसत्या दुष्काळानं अंकोरचं कदाचित निभावलं असतं. कोरड्या वर्षांत पाटांची डागडुजी मागं पडली, कुठं प्रवाह वळवले गेले, आणि मग आलेल्या पुरानं सगळंच उखडलं. शहराच्या दक्षिणेकडच्या कालव्यात एका झटक्यात येऊन साचलेल्या भरड वाळूचा थर आजही सापडतो.

सहाशे वर्षं एकाला एक जोडत गेलेल्या जाळ्याची अडचण नेमकी इथं आली. एक पाट खरवडला की पाणी सगळं तिकडंच धावणार, तो आणखी खोल होणार, बाकीचे गाळानं भरून कोरडे पडणार. डॅन पेनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या जाळ्याचं गणिती प्रारूप करून दाखवलं की ठरावीक मर्यादेपलीकडचा पूर आला की बिघाड असाच एकातून दुसऱ्यात पसरत जातो. इंद्रवर्मनच्या काळी बांध फुटला तर एक तलाव गेला असता. चौदाव्या शतकात एका जागी फुटलं की ते हजार चौरस किलोमीटरला भोवणार होतं. स्पिअन थमाजवळची नदी खोल गेली ती याच खेचाखेचीत.

आणि तरीही हे एका रात्रीत घडलं नाही. पेनी यांनीच अंकोर थॉमच्या खंदकातल्या गाळाचे नमुने तपासले तेव्हा दिसलं की शहराच्या गाभ्यातली वर्दळ चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासूनच ओसरू लागली होती. म्हणजे सयामी फौज यायच्या शंभर वर्षं आधी. वरचा वर्ग हळूहळू काढता पाय घेत होता, आणि त्याला कारणही होतं. चीनशी समुद्रमार्गे व्यापार वाढत होता, पैसा भाताच्या कोठारातून बंदराकडे सरकत होता. मेकाँग आणि तोन्ले सापची नदी जिथं मिळतात तिथं, आजच्या नोम पेन्हच्या परिसरात बसलेला राजा जहाजांकडून जकात घेऊ शकत होता. अंकोरात बसलेल्या राजाला फुटके बांध दुरुस्त करत राहणं भाग होतं. १४३१ नंतर दरबार दक्षिणेला गेला तो या हिशेबानंही गेला.

रयतेतले बरेच तिथंच राहिले. अंकोर वटच्या आवारातला एक घराचा चौथरा ॲलिसन कार्टर यांच्या गटानं खणला, तेव्हा चौदाव्या शतकाच्या शेवटापासून सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत तिथं माणसं नांदत असल्याचं आढळलं. सोळाव्या शतकात आंग चान या बौद्ध राजानं अंकोर वटची अपुरी राहिलेली भिंत पुरी करवून घेतली, आणि त्यावर प्रसंग कोरला तो कृष्ण आणि बाणासुराच्या युद्धाचा. कलाकुसर जरा ओबडधोबड आहे, हे खरंच. १६३२ मध्ये मोरिमोतो नावाचा जपानी यात्रेकरू आला आणि हे बुद्धाचं जेतवन आहे अशा समजुतीनं खांबावर आपलं नाव शाईनं लिहून गेला.

या शहराची पहिली तपशीलवार युरोपीय हकीकत लिहिली गेली त्यात गोव्याचा संबंध आहे. १५८० च्या दशकात अंतोनियो द मादालेना हा कॅपुचिन साधू अंकोर पाहून आला आणि त्यानं दिलेली माहिती गोव्यात राहून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या कारभाराचा इतिहास लिहिणाऱ्या दियोगो दो कोउतो यानं टिपून ठेवली. हत्तींच्या शिकारीला निघालेल्या राजाला रानात हे नगर दिसलं, त्यानं पाच-सहा हजार माणसं लावून झाडी तोडवली, अशी कथा त्यात आहे. हा मजकूर छापायला मात्र १९५० चं दशक उजाडलं. तोवर श्रेय आंरी मूओ या फ्रेंच माणसाच्या नावावर जमा झालं होतं. तो १८६० मध्ये आला तेव्हा अंकोर वटमध्ये भिक्खूंचा मठ चालू होता. ‘हरवलेलं शहर शोधलं’ ही नंतर प्रकाशकांनी आणि वसाहतीच्या कारभाऱ्यांनी चढवलेली फोडणी.

विसाव्या शतकानं दुसरे हाल केले. ख्मेर रूजचा १९७५ ते १९७९ चा संहार झाला, कोह केरच्या मूर्ती पायांपासून तोडून परदेशी लिलावांत गेल्या. त्यांतल्या काही अलीकडे परत येऊ लागल्या आहेत. १९८६ ते १९९३ या काळात, अजून सुरुंग पेरलेले असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं अंकोर वटचं जतनकाम केलं. दगड रसायनांनी धुतल्याबद्दल त्या कामावर टीका झाली, पण त्या दिवसांत दुसरं कुणी तिथं जायला फारसं तयार नव्हतं, हेही सांगायला हवं. १९९२ मध्ये अंकोर जागतिक वारसा झालं.

पाण्याचा प्रश्न त्यानंतर नव्यानं उभा राहिला. देवळांच्या पायाखाली भरणी वाळूची आहे आणि ती ओली असेल तोवर भार पेलते. हॉटेलांनी भूजल उपसायला सुरुवात केल्यावर अभियंत्यांना धास्ती वाटू लागली ती याच वाळूची. २००९ ते २०११ या वर्षांत शेजारच्या सिएम रीप शहरात पूर आले, तेव्हा अंकोरचा कारभार पाहणाऱ्या अप्सरा प्राधिकरणानं जुने कालवे, खंदक आणि बांध दुरुस्त करायला घेतले. कित्येक शतकं कोरडा पडलेला जयवर्मन सातव्याचा जयतटाक हा बाराय त्याच सुमारास पुन्हा भरला, आणि पुराचं पाणी त्यात वळवता येऊ लागलं.

सध्या वाद पेटला आहे तो माणसांवरून. अनधिकृत बांधकामांमुळे वारसा दर्जा धोक्यात येईल असं सांगून सरकारनं २०२२ पासून संरक्षित क्षेत्रातल्या सुमारे दहा हजार कुटुंबांना दूर रुन ता एक इथं हलवायला घेतलं. कुटुंबामागे वीस बाय तीस मीटरचा प्लॉट. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे लोक स्वखुशीनं गेले; ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे त्यांना दबाव आणून, पुरेशा सोयींशिवाय हलवलं गेलं. यातली अनेक कुटुंबं देवळांभोवती खाऊचे गाडे लावत, हातमागाचं कापड विकत. लायडारच्या नकाशात अंकोर वटच्या आवारात जे चौथरे आणि तळी दिसतात, तीही अशाच लोकांची होती: देवळाच्या चाकरीतले, स्वैपाकी, विणकर, आणि सकाळी चटई पसरून दुपारी उठणाऱ्या बाया.